सांगायचा पत्ता

चौदा वर्षं मी एकाच हॉटेलात फोन उचलते आहे. खुर्ची तीनदा बदलली, मी तीच. रिसेप्शनच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे आम्ही टेलिफोन ऑपरेटर बसतो. पाहुण्याने खोलीतून शून्य दाबलं की येतो तो आवाज आमचा. टॉवेल हवा, उशी हवी, एसी जास्त झाला, एसी कमी झाला, शेजारच्या खोलीतला माणूस घोरतो. आता घोरणाऱ्याचं मी काय करणार, डोंबल? पण "शुअर सर, राइट अवे सर" म्हणायचं. घरी गेल्यावर मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ह्याला कुणी माज म्हणतं, मी दमणूक म्हणते.

हॉटेल दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे. आजूबाजूला कारखाने, गोदामं, कामगारांच्या इमारती. इथे समुद्र बघायला कोणी येत नाही, यंत्रं बसवायला येतात. हॉटेलच्या दोन इमारती, एक पुढच्या रस्त्यावर, एक मागच्या. मधे काचेचा बोळ आहे म्हणून कागदावर हॉटेल एकच. पण गाडीने मागच्या दाराशी जायचं तर भला मोठा वळसा पडतो, मधे दोन सिग्नल. हे आम्हाला माहीत होतं, टॅक्सीवाल्यांना माहीत होतं. फोनला मात्र माहीत नव्हतं.

म्हणजे असं, की कुठल्याही खोलीतून कोणी ९९८ फिरवला, तर अँब्युलन्सवाल्यांना दिसायचा तो हॉटेलचा एकच मुख्य नंबर, आणि त्याचा पत्ता पुढच्या दाराचा. माणूस मागच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर पडलेला असला तरी पत्ता तोच. वर आमच्याकडे बाहेरच्या फोनला आधी नऊ दाबावा लागायचा. छातीत कळ आलेल्या माणसाला कुठलं सुचणार नऊ दाबायचं?

आमच्या मालकांचं मुख्य ऑफिस अमेरिकेत. तिकडे म्हणे तसा कायदाच आहे: हॉटेल असो की ऑफिस, आणीबाणीचा नंबर थेट लागला पाहिजे, आणि फोन करणारा कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कुठल्या खोलीत आहे ते कळलं पाहिजे. त्यांनी ठरवलं, आपल्या सगळ्या हॉटेलांत हेच करायचं. फोन लागला की त्याच क्षणी ऑपरेटरच्या स्क्रीनवर लाल पट्टी येणार: इमारत, मजला, खोली, जवळचं दार. ऑपरेटरने ते अँब्युलन्सवाल्यांना सांगायचं आणि सिक्युरिटीला त्या दाराशी पाठवायचं. ठरवणारे ठरवून मोकळे झाले, चालायचं आमच्या नशिबी आलं.

कारण स्क्रीनवर खोली दिसायची तर आधी कुणीतरी प्रत्येक फोन कुठे आहे ते लिहून द्यायला हवं. मॅनेजर म्हणाला, जुनी यादी आहे ना, ती भरून टाका, खलास. पण फोन कंपनीकडून आलेली इंजिनियर ऐकेना. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, आईवडील सांगलीचे, जन्म शारजाचा. मी मराठीत बोलले की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "आंटी, ओल्ड लिस्ट इज अ स्टोरी. आय वाँट द ट्रुथ." हो बाई, तुला सत्य पाहिजे, चालणार कोण?

तिचं म्हणणं खरं होतं पण. हल्लीचे फोन कुठल्याही भिंतीला लावा, नंबर सोबत घेऊन येतात. हाउसकीपिंगवाले काय करायचे, चौथ्या मजल्यावरचा फोन बिघडला की दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीतला उचलून लावायचे आणि आयटीवाल्याकडून नंबर बदलून घ्यायचे. नंबर बदलायचा, जागा कोणी बदलायचं नाही. पाहुण्याला काय, वाजला म्हणजे झालं.

तर तीन आठवडे मी कागद घेऊन खोलीखोली फिरले. दोनशे चौऱ्याऐंशी फोन. प्रत्येक खोलीत जाऊन रिसीव्हर उचलायचा, टेस्टचा नंबर दाबायचा, खाली ती पोरगी स्क्रीन बघून सांगणार, "आंटी, यू आर इन द जिम." मी उभी चारशे अकरामध्ये, पलंगाशेजारी. पंपाच्या खोलीतला फोन म्हणे पोहण्याच्या तलावावर. मागच्या इमारतीचा अख्खा तिसरा मजला पुढच्या इमारतीत. माझ्या गुडघ्यांच्या नाकी नऊ आले. लिफ्ट असतात, पण बोळ काही लिफ्टने ओलांडता येत नाही.

शेवटी शेवटी मी चिडायला लागले. हाउसकीपिंगच्या एका सुपरवायझरला मी बोळात उभं करून झापलं. म्हटलं, "फोन हलवलात तर मला आधी सांगायचं. ही मस्करी नाही. पत्ता चुकला तर माणूस मरेल तुमचा." तो बिचारा मान खाली घालून "यस मॅडम" म्हणाला. मला बरं वाटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तेव्हा कळायला पाहिजे होतं.

कारण मी स्वतः कुठे राहते ते मी नऊ वर्षांत कुणालाही खरं सांगितलं नव्हतं.

दुबईतच इंटरनॅशनल सिटी नावाच्या वसाहतीत एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सात बायका राहायचो. हॉलला प्लायवूडची पार्टिशनं, एका पार्टिशनमध्ये दोन पलंग, बेडरूममध्ये तीन. फ्लॅट एका नाशिकच्या बाईच्या नावावर, आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो. असं राहायला परवानगी नाही. तपासणी होते, पार्टिशनं पाडतात, बायकांना सामान घेऊन त्याच दिवशी निघावं लागतं. दोन मजले खाली असं झालेलं आम्ही जिन्यातून बघितलं होतं. म्हणून ताईचा नियम एकच होता, आणि तो पलंग दाखवायच्या आधी सांगितला जायचा: खरा पत्ता कुणाला द्यायचा नाही. आपली इमारत अकरा नंबर, सांगायची बारा. जेवणाची ऑर्डर बाराच्या खाली मागवायची आणि तिथे जाऊन घ्यायची. कामावर ने-आण करणाऱ्या कारलिफ्टवाल्यालाही बाराच्या कोपऱ्यावर बोलवायचं. ऑफिसच्या फॉर्मवर बारा. कुणी प्रेमाने विचारलं, कुठे राहता हो, तरी बारा.

पहिले काही महिने खोटं बोलताना जीभ अडायची. मग सवय झाली. पुढे पुढे तर मला आठवावंही लागायचं नाही. बँकेतून फोन आला, "मॅम, युवर बिल्डिंग?" की तोंडातून "ट्वेल्व" निघायचं, श्वास बाहेर पडतो तसं.

माझ्या पार्टिशनमध्ये दुसऱ्या पलंगावर खाला. श्रीवर्धनजवळच्या एका गावची. वय साठीच्या आसपास, खरं तिलाही माहीत नव्हतं. दोन घरी स्वयंपाक करायची. आम्ही बाकीच्या सहाही जणी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो, मी देशावरची असूनही. ती मला बाय म्हणायची. तिची लेक गावात, लग्न झालेली, दोन नातवंडं. खाला रोज त्यांना व्हिडिओ कॉल लावायची आणि फोन इतका जवळ धरायची की पलीकडे फक्त तिची हनुवटी दिसायची. मी कुणाशी बोलत नसले तरी तिच्याशी बोलायचे. ती उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, म्हणून बरं वाटायचं.

तो रविवार. माझी सुट्टी, तिचीही. बाकीच्या पाच जणी कामावर नाहीतर ड्रॅगन मार्टच्या बाजारात. दुपारची वेळ. खाला स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बांगडे साफ करत होती आणि मी ओट्याशी चहाची भांडी घासत होते. ती कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती. वाक्य मधेच तुटलं. मी वळले तर सुरी खाली पडली होती आणि खाला तिच्याकडे बघत होती, उचलायची कशी ते विसरल्यासारखी. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली. मी म्हटलं, "खाला, काय गं?" तिने काहीतरी म्हटलं, पण ते शब्द नव्हते.

मला कळलं. हॉटेलात आम्हाला दर वर्षी ट्रेनिंग असतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, की लगेच फोन. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, तिच्याजवळ खाली बसले आणि मोबाइलवरून ९९८ लावला.

मी किती छान बोलले म्हणून सांगू. चौदा वर्षांचा आवाज. शांत, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. बाई, वय साठ, पक्षाघात वाटतो, शुद्धीवर आहे, श्वास चालू आहे. पत्ता विचारला. मी वसाहतीतलं आमचं क्लस्टर सांगितलं, "बिल्डिंग ट्वेल्व, थर्ड फ्लोअर, फ्लॅट थ्री झीरो फोर." समोरच्याने तेच पुन्हा म्हणून दाखवलं, मी "करेक्ट" म्हटलं. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसं.

फोन मी वर फळीवर ठेवला आणि खालाचा डावा हात हातात घेतला. तिने तो असा दाबला की माझी बोटं दुखली. तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. घशातून एक घोगरा आवाज पुन्हा पुन्हा काढत होती आणि हात दाबत होती, सोडत होती, दाबत होती. मी म्हटलं, "घाबरू नको खाला. येताहेत. मी सांगितलंय त्यांना. आत्ता येतील." तिने मान हलवली. मी तिच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि परत म्हटलं, घाबरू नको.

सायरन ऐकू आला. मी उठून खिडकीतून पाहिलं. अँब्युलन्स आली, वळली आणि समोर बाराच्या दाराशी उभी राहिली. दोन माणसं स्ट्रेचर काढून आत गेली. आणि मी, एवढी शहाणी मी, मनात काय म्हटलं? म्हटलं, अरेरे, तिकडेही कुणी आजारी आहे वाटतं. आमची गाडी अजून यायची आहे.

किती वेळ मी तशी उभी होते कोण जाणे. परत येऊन खालाजवळ बसले. ती आता हात दाबत नव्हती. तिने डोळे मिटले होते आणि त्यातून पाणी येत होतं. ते पाणी बघताना मला माझाच आवाज ऐकू आला, "बिल्डिंग ट्वेल्व," एकदम सुटा आणि स्पष्ट.

फळीवरचा फोन घेतला. ड्यूटीवर मोबाइल बंद ठेवायची आमची शिस्त, म्हणून तो कायम आवाज बंद करूनच असतो. त्यांचे चार मिस्ड कॉल. मी चप्पलही न घालता जिना उतरले, तीन मजले, त्याच गुडघ्यांनी. बाराच्या जिन्यात ती माणसं तीनशे चारचं दार ठोठावून, बाजूच्या घरांत विचारून खाली येत होती. मी "इलेव्हन, इलेव्हन" म्हणत राहिले. त्यातला एक म्हणाला, "मॅम, यू सेड ट्वेल्व." चिडून नाही, नुसतं म्हणाला. मी "माय मिस्टेक" म्हटलं आणि त्यांच्या पुढे पळत सुटले.

ते आत आले. पार्टिशनं, पलंग, वाळत घातलेले सात जणींचे कपडे, कशाकडेही त्यांनी बघितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, ही कधीपासून अशी आहे, कुठल्या गोळ्या घेते, नातेवाईक कोण. ज्या डोळ्यांपासून आम्ही नऊ वर्षं लपत होतो ते डोळे हे नव्हतेच. तेव्हा मला रडू आलं, खालासाठी की आमच्या सगळ्यांच्या मूर्खपणासाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

फोनमध्ये सगळ्या वेळा असतात, ही एक शिक्षाच आहे. मी कॉल केला दोन सतराला. त्यांचा पहिला मिस्ड कॉल दोन सव्वीसचा, म्हणजे तेव्हा ते बाराच्या दाराशी होते, तीस पावलांवर. खालाला गाडीत घेतलं तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, किती वाजता सुरू झालं? मी सांगितलं. तो म्हणाला, अशा दुखण्यात एकेक मिनिट मोलाचं असतं, लवकर आणलंत ते चांगलं केलंत.

ताईचा फोन आला तो खालाची चौकशी करायला नव्हता. "अँब्युलन्स दारापर्यंत आणलीस? आता नोटीस आली तर सगळ्यांनी कुठे जायचं?" मी म्हटलं, "आधी शेजारीच पाठवली होती, तुझ्या नियमाप्रमाणे." तिला काय समजायचं ते समजलं असेल, तिने फोन ठेवला. नोटीस वगैरे काही आली नाही, एकही माणूस विचारायला आला नाही. मीच महिन्याभरात दुसरीकडे गेले, तेव्हा घरमालकाला पहिल्यांदा विचारलं की इथे माझं नाव भाडेकरारात लागेल ना. तो हसला, म्हणाला, इन्शाल्ला. मी तिथेच उभी राहिले, लागेपर्यंत हलले नाही.

त्या रविवारनंतर मंगळवारी मी कामावर गेले. शारजाची पोरगी शेवटचा कागद घेऊन आली होती. दोनशे चौऱ्याऐंशी फोन, प्रत्येकासमोर खरी जागा, खाली माझी सही हवी. "आंटी, ऑल करेक्ट. यू आर अ स्टार." मी पेन हातात धरून बसले. ती म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?" आणि मग, पहिल्यांदाच, तिच्या मोडक्या मराठीत, "तुम्ही बरं नाय का?" मी म्हटलं, झोप झाली नाही बाळा. सही केली.

खाला वाचली. उजवा हात मात्र गेला, पायही ओढत टाकते. जरा उभी राहायला लागल्यावर तिला गावी पाठवलं. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये ती मला लहान दिसली. तिची लेक तेव्हापासून मला दर शुक्रवारी मेसेज करते. तुम्ही होतात म्हणून अम्मी वाचली, तुमचे उपकार आम्ही फेडू शकणार नाही. हात जोडलेली चित्रं, गुलाबाची चित्रं. मी प्रत्येक वेळी लिहायला घेते की अगं बाई, तुझ्या आईचा हात माझ्यामुळे गेला. मग पुसते आणि लिहिते, काळजी घ्या. डॉक्टर सांगू शकत नाहीत की वेळेवर गेली असती तर हात राहिला असता की नाही. मलाही माहीत नाही. नाही माहीत, म्हणूनच ते डोक्यातून जात नाही.

परवा खालाने स्वतः फोन केला. इतके महिने तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, आता कळतं. शब्दाशब्दाला थांबते, पण बोलते. नातवाची शाळा, भाचीचं बाळंतपण, शेजारणीची विहीर. मी ऐकत होते. मग ती म्हणाली, "बाय, तू बारा बोललीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "तोंडातून निघत नव्हतं. म्हणून हात दाबीत होते तुझा. तुला वाटलं मी भियाले."

मी म्हटलं, "खाला, मला माफ कर."

मग ती सावकाश म्हणाली, "मीपण बाराच बोलले असते गो. सवय." आणि आवाज खाली आणून, बाजूला कुणीतरी असावं तसा, "पोरीला नाय सांगितलं मी. तूपण सांगू नको. ती रोज तुझ्यासाठी दुवा मागते."

मी म्हटलं, नाही सांगणार.